आठवी ब जेवायला शेवटी का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी पर्यवेक्षिका आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. यंदा जूनपासून आम्ही शिस्तीची नोंदवही सुरू केली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शिस्त समिती बसते: मुख्याध्यापक, मी, चार वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक. बैठकीत होतं काय, तर वही उघडायची, नावं वाचायची, “हा परत आला का?” म्हणायचं, पालकांना बोलवायचं ठरवायचं आणि चहा घेऊन उठायचं.

डिसेंबरअखेर १८६ नोंदी झाल्या. त्यातल्या ४७ एकट्या आठवी ब च्या. आता समितीचं म्हणणं असं की, आठवी ब मधल्या पाच मुलांच्या पालकांना बोलावून दाखले हातात द्यावेत आणि वर्गशिक्षिकेला लेखी समज द्यावी. मुख्याध्यापक सर म्हणतात, सप्टेंबरमध्ये ३८ नोंदी होत्या, दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी परिपाठाला दम भरला आणि नोव्हेंबरात आकडा २१ वर आला, म्हणजे दम लागू पडतो.

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आठवी ब त्रासदायक आहेच. त्यांना खिचडी मिळेपर्यंत घंटा होते, मग पाचवा तास धड सुरूच होत नाही. त्यातून हिंदीची जागा जूनपासून रिकामी, त्यामुळे सोमवार-बुधवार-शुक्रवार त्यांचा तो तास ऑफ असतो आणि मोकळे असतील ते शिक्षक जातात. पुढची बैठक जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आहे. वहीतून काही शहाणपणाचं ठरवायचं तर कसं? नावांवर कागद चिकटवून वहीच्या झेरॉक्स, तसंच वेळापत्रक, हजेरीपट आणि बैठकांची इतिवृत्तं सोबत पाठवत आहे.

– एक पर्यवेक्षिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

नावं झाकून पाठवलीत, हे फार बरं केलंत. नावं नव्हती म्हणून मला वही नीट वाचता आली. नाव दिसलं की आपण शिक्षक मंडळी नोंद वाचत नाही. त्याचा थोरला भाऊ कसा होता, वडील पालकसभेत काय बोलले, मागच्या स्नेहसंमेलनात यानेच मायकची वायर तोडली होती ना, असं सुरू होतं आणि अर्धा तास जातो. तुमच्या बैठकीचं बहुतेक हेच होत असणार.

अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी शाळांसाठी ‘स्कूल-वाइड इन्फर्मेशन सिस्टिम’ नावाची नोंदपद्धत बनवली. बरीच वर्षं ती तिथल्या शाळांत वापरात आहे. संगणक, आलेख वगैरे सगळं आहे त्यात, पण तुमच्या कामाची गोष्ट आहे ती प्रश्नांची. दिवसाला सरासरी किती नोंदी होतात? कुठे होतात? केव्हा? कोणत्या प्रकारच्या? आणि कोणाच्या? तुमची समिती ‘कोण’पासून सुरू होते आणि तिथेच संपते. एवढा एक क्रम बदलला तरी बैठकीचा नूर बदलेल. त्यासाठी संगणकही लागत नाही. मी पेन्सिल आणि चौकटीचा कागद घेऊन बसले, तुमच्या झेरॉक्सवर रेघा मारत गेले आणि एका बैठकीत काम झालं.

आता आठवी ब. त्यांच्या ४७ नोंदींपैकी २९ नोंदी मोठी सुट्टी सुरू झाल्यापासून पाचवा तास संपेपर्यंतच्या आहेत. दीड ते दोन पस्तीस. सव्वा तासापेक्षाही कमी वेळ, आणि वर्षभराच्या साठ टक्के नोंदी त्यात. उरलेल्या अख्ख्या दिवसाच्या मिळून १८. म्हणजे सकाळी अकरा वाजता हाच वर्ग, हीच मुलं, आणि वहीत त्यांचं नाव क्वचितच. मुलंच वाईट असती तर ती सकाळीही वाईट असायला हवी होती.

या २९ नोंदींची जागा बघितली तर १७ नोंदी नळाजवळच्या आणि जिन्यावरच्या आहेत: ढकलाढकली, शिव्या, एकाने दुसऱ्याचं ताट पाडलं. उरलेल्या १२ वर्गातल्या: उशिरा आला, जागेवर बसत नाही, उलट बोलला. मग तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: त्यांना खिचडी मिळेपर्यंत घंटा होते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. वाढप पाचवी अ पासून सुरू होत असणार आणि रांग इयत्तेप्रमाणे लागत असणार. लहान मुलांना आधी द्यावं, या चांगल्या हेतूनेच कोणीतरी ती कधीकाळी तशी लावली असेल. पण त्या रांगेचं शेवटचं टोक म्हणजे आठवी ब. तेरा-चौदा वर्षांची भुकेली मुलं वीस-पंचवीस मिनिटं उभी राहतात, पाच मिनिटांत गिळतात, ताट धुवायला सगळी एकदम नळावर धावतात आणि घंटा झालेली असताना जिना चढतात. तिथे कोणी मोठं माणूस उभं नसतं, कारण घंटेनंतर शिक्षक आपापल्या तासाला गेलेले असतात. आठवी अ ला फार तर चार मिनिटं आधी जेवण मिळत असेल. पण त्यांच्या वर्षभराच्या नोंदी १४ आहेत.

वर्गातल्या १२ नोंदींचं कारण वेगळं आहे. त्यांचे वार बघितले तर १० नोंदी सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारच्या. रांग रोजची, उशीर रोजचा, पण मंगळवारी आणि गुरुवारी, नेमलेला शिक्षक असतो त्या दिवशी, मुलं उशिरा येऊनही बसतात. ऑफ तासाला आलेल्या शिक्षकाला या मुलांची नावं माहीत नसतात, शिकवायला काही ठरलेलं नसतं, हातात पेपर तपासायचा गठ्ठा असतो. हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. ऑफ तास म्हणजे काय असतो ते आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे. पण दोन वेगवेगळ्या दुखण्यांना एकच औषध चालणार नाही. नळाची तक्रार रांगेने सुटेल, ऑफ तासाची सुटणार नाही.

एक शंका तुमच्या बैठकीत कोणी ना कोणी काढेलच, म्हणून आधीच पडताळून ठेवली. एखाद्या शिक्षकाचा या वर्गावर राग असेल आणि तेच लिहीत असतील, असं तर नाही ना? नाही. या २९ नोंदींखाली सहा वेगवेगळ्या सह्या आहेत.

आता ती पाच मुलं. त्यांच्या नावावर २६ नोंदी आहेत (तुम्ही चिकटपट्टीवर क्रमांक घातलेत म्हणून मोजता आलं). म्हणजे उरलेल्या २१ नोंदी वर्गातल्या इतर १४ मुलांच्या. समजा पाचही जणांना दाखले दिले. आठवी ब च्या तरी २१ नोंदी उरतात आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या नववी अ च्या सगळ्या मिळून आहेत १९. पाच मुलं घालवूनही तुमची आठवी ब पहिल्याच नंबरवर राहते. हे गणित फळ्यावर मांडा. त्याला उत्तर देणं अवघड आहे.

आणि दाखल्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही स्पष्ट बोला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘पालकांनीच अर्ज केला’ असं कागदावर दाखवायची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. बोलावून, दबाव आणून लिहून घेतलेला अर्ज हा काढून टाकण्याचाच प्रकार आहे, आणि उद्या पालक शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागेल, समितीला नाही. सरांना हे एकट्यात सांगा, चारचौघांत नको. तुमच्या वहीत ‘केलेली कारवाई’ या रकान्यात दोनदा ‘उठाबशा’ लिहिलंय. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तुम्ही स्वतःच्या हाताने, तारीख घालून, सहीनिशी पुरावा लिहून ठेवलाय.

मुख्याध्यापक सरांच्या दमाबद्दल. महिन्याची बेरीज बघू नका, शाळेच्या दिवसांनी भागा. सप्टेंबरात ३८ नोंदी आणि तुमच्या हजेरीपटाप्रमाणे कामाचे २२ दिवस: दिवसाला १.७. ऑक्टोबरात २९, पण दिवाळीच्या सुट्टीमुळे दिवस फक्त १३: दिवसाला २.२. आकडा उतरलेला दिसतो त्या महिन्यात खरं तर वाढ आहे. सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागायच्या आधीचे ते दिवस. कोणत्याही शिक्षकाला विचारा, नवल वाटणार नाही. नोव्हेंबरात १९ दिवसांत २१, डिसेंबरात २५ दिवसांत २४. इथे मात्र दिवसाला एकावर आलं. मग दम लागू पडला का?

सह्या बघा. १८६ पैकी ६४ नोंदी एकाच शिक्षकांच्या आहेत. सप्टेंबरात त्यांच्या १६, ऑक्टोबरात १२, नोव्हेंबरात १ आणि डिसेंबरात २. समासात तुमच्याच अक्षरात ‘सर निवडणूक कामावर’ असं लिहिलेलं आहे. त्यांच्या नोंदी बाजूला काढल्या तर सप्टेंबरात दिवसाला १, ऑक्टोबरात १.३, नोव्हेंबरात १ आणि डिसेंबरात ०.९ उरतात. मुलं सुधारली असं यातून दिसत नाही. लिहिणारा माणूस गावोगाव मतदार याद्या घेऊन फिरत होता, एवढं दिसतं.

हे बैठकीत मांडताना जपून. त्या सरांचं नाव घेतलंत तर दोनपैकी एक होईल: ते चिडून लिहिणं बंद करतील, किंवा बाकीचे ‘सरच जास्त लिहितात’ म्हणून सगळी वही निकालात काढतील. माझ्या मते ते सर तुमच्या वहीचे सगळ्यात मोठे आधार आहेत. त्यांच्या नोंदींत वेळ आहे, जागा आहे, काय घडलं ते आहे. बाकीच्यांच्या कित्येक ओळींत फक्त नाव आणि ‘गैरवर्तन’. आधी त्यांच्याशी वेगळं बोला आणि बाकीच्यांना लिहायचं कसं ते त्यांनाच दाखवायला सांगा.

कारण वहीतला सर्वांत पोकळ भाग तो आहे. प्रकारवार मोजलं तर उशिरा येणे ४४, उद्धटपणा किंवा उलट बोलणे ३८, मारामारी-ढकलाढकली ३६, वही-पुस्तक-गृहपाठ नाही २७, शिवीगाळ २२, मोबाईल ६, इतर १३. मारामारी दोघांनी पाहिली तरी मारामारीच असते. उद्धटपणाचं तसं नसतं. ‘उद्धटपणे बघत होता’ अशी एक नोंद आहे. मुलगा कसा बघत होता ते मी तीनदा वाचूनही मला कळलं नाही. अमेरिकेत रसेल स्किबा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शाळांतल्या अशाच नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांच्या नोंदी धूम्रपान, तोडफोड, अर्वाच्य बोलणं अशा डोळ्यांना-कानांना कळणाऱ्या गोष्टींच्या जास्त निघाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या मात्र अनादर, फार आवाज, धमकावणं अशा, म्हणजे मोठ्यांच्या मतावर अवलंबून असलेल्या. तिथल्या सरकारच्या २०१३-१४ च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेतून तात्पुरतं काढण्याचं प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या ३.८ पट होतं. आपल्याकडे वहीत जात लिहीत नाहीत, आणि लिहूही नये. पण तुमच्या ३८ नोंदींतली मुलं कोणत्या वस्तीतली आहेत, कोणाच्या घरची बोली वेगळी आहे, कोण वसतिगृहात राहतं, हे तुम्हाला चिकटपट्टी काढली की कळेल. ‘का रं सर’ म्हणणारं पोर उद्धट ठरतं आणि गोड बोलून वर्ग उधळणारं हुशार ठरतं, हे मी पुष्कळ पाहिलंय. एकदा स्वतःशी तपासा. समितीत आणायचं की नाही ते नंतर ठरवा.

उपाय साधा आहे. ‘उद्धटपणा’ हा शब्द वहीतून बाद. त्याऐवजी काय घडलं ते: “वही दाखव म्हटल्यावर ‘नाही दाखवणार’ म्हणाला आणि बाकावर डोकं ठेवलं.” एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि त्यात मुलगा दिसतो. त्याच्या आधी काय झालं होतं, हाही एक छोटा रकाना ठेवा. आणि कोणती गोष्ट वर्गातच मिटवायची, कोणती वहीत यायची, हे शिक्षकांनी एकदा बसून ठरवून घ्या. पुस्तक विसरलं तर एक शिक्षक वही मागवतो आणि दुसरा शेजारच्याचं पुस्तक मध्ये ठेवायला सांगतो; मग त्या २७ नोंदींतून मुलांबद्दल काय कळणार?

उशिराच्या ४४ नोंदींपैकी ३१ दोन गावांच्या मुलांच्या आहेत आणि ती दोन्ही गावं एकाच एसटीच्या मार्गावर असावीत असं दिसतं, कारण नोंदी एकाच तारखांना झुंडीने येतात. बस उशिरा आली की पास काढलेली पोरं उशिरा येणार. त्यांना परिपाठ होईपर्यंत फाटकाबाहेर उभं करून कोणाला शिस्त लागणार आहे, ड्रायव्हरला? आगार व्यवस्थापकांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, तारखा जोडा, गरज पडली तर सरपंचांची सही घ्या. तोवर त्या बसची मुलं या वहीत नकोत, वेगळ्या हजेरीत घ्या. ४४ पैकी ३१ ओळी कमी झाल्या की उरलेल्या १३ ओळींतल्या मुलांना उशीर का होतो, हे विचारायला तुम्हाला फुरसत मिळेल.

पान अकरावर एक ओळ आहे: ‘मुलीची छेड काढली. समज दिली.’ बस्स. कोणी, काय केलं, हात लावला का, मुलगी कशी आहे, काही नाही. ही ओळ महिनाअखेरच्या बैठकीची वाट बघण्यासारखी नव्हती आणि आजही नाही. हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी त्या मुलीशी बाईमाणसाने, एकांतात, घाई न करता बोला. ऑगस्टातली गोष्ट आहे, आता काय, असं म्हणू नका. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रत्येक शाळेत असायला हवी. तुमच्याकडे ती कागदावर असेल तर या निमित्ताने खरी करा. आणि लैंगिक स्वरूपाचं काही घडल्याचं दिसलं तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल, मुलगाही लहानच आहे, ही कारणं तिथे चालत नाहीत. मुलाचं पुढे काय करायचं ते बाल न्याय व्यवस्था बघते, शिस्त समिती नाही. अडलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. या प्रकारची नोंद इथून पुढे वहीत फक्त ‘वेगळी कळवली’ एवढीच यावी.

आता तुमचा खरा प्रश्न, बैठक. ओरेगनच्या मंडळींनाही हेच आढळलं होतं की आकडे हातात असूनही समित्या गप्पाच मारतात, म्हणून त्यांनी बैठक कशी चालवायची याचंही प्रशिक्षण तयार केलं. मी तुम्हाला त्यातलं जेवढं आपल्या शाळेत चालेल तेवढंच सांगते. वही बैठकीत आणूच नका. ती तुमच्या कपाटात. (आणि तिच्या पानाचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजपासून बंद, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण दोन पानांच्या झेरॉक्स मोबाईलच्या फोटोवरून काढलेल्या आहेत हे मला दिसलं.) आदल्या दिवशी तुम्ही किंवा त्या काटेकोर सरांनी एका कागदावर मोजणी करायची: दिवसाला किती, कुठे, केव्हा, काय. नाव एकही नाही. बैठकीत पहिला प्रश्न नेहमी मागच्या ठरावाचा. जे ठरवलं ते झालं का? झालं असेल तर आकडा हलला का? तुमच्या इतिवृत्तात सहा महिन्यांत ‘पालकांना बोलवावे’ असं एकवीस वेळा लिहिलंय आणि किती पालक आले, आल्यावर काय झालं, याची एक ओळ नाही.

मग त्या महिन्याचा एकच विषय निवडा आणि तो फळ्यावर पूर्ण वाक्यात लिहा. ‘आठवी ब ची शिस्त’ असा विषय लिहिलात तर पुन्हा गप्पा. असं लिहा: ‘मोठ्या सुट्टीच्या शेवटी, दोनच्या सुमारास, आठवी ब ची मुलं नळावर आणि जिन्यावर ढकलाढकली व शिवीगाळ करतात, कारण त्यांना जेवण शेवटी मिळतं आणि सगळी एकदम नळावर येतात.’ हे वाक्य खरं की खोटं ते कोणीही दोन दिवस जिन्यात उभं राहून तपासू शकतं. तपासाच. शिपाईमामांना विचारा, वाढणाऱ्या ताईंना विचारा, आणि आठवी ब च्या मुलांना विचारा. नळाचं राजकारण मुख्याध्यापकांच्या केबिनमधून दिसत नाही, मामांना ते तोंडपाठ असतं. कदाचित माझा अंदाज चुकीचा निघेल, तीन नळांपैकी दोनांना पाणीच नसेल. मग उपाय प्लंबर.

उपाय ठरवताना एक अट घाला: बदल मोठ्यांनी करायचा. रांग आठवड्याला उलटी करायची का, की वाढपाच्या दोन जागा करायच्या? आठवीच्या दोन्ही तुकड्यांना दहा मिनिटं आधी सोडता येईल का? नळाजवळ पावणेदोन ते दोन या वेळात कोण उभं राहील, कोणत्या वारी? ऑफ तासासाठी तीन शिक्षक ठरवून द्या, तेच कायम, आणि त्या तासाला करायचं काम ठरलेलं असू द्या, वाचन किंवा गणिताचा सराव, काहीही. रोज नवा माणूस नको. यातलं सगळं एकदम करू नका. दोन गोष्टी, प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक तारीख. आणि यशाची खूण आत्ताच लिहून ठेवा: २९ नोंदी सुमारे सहा महिन्यांच्या आहेत, म्हणजे महिन्याला साधारण पाच या हिशोबाने धरा, फेब्रुवारीअखेर दोनवर आल्या तर चालू ठेवायचं, चार असतील तर आणखी महिनाभर बघायचं, कारण इतक्या लहान आकड्यात एक-दोनाची चढउतार आपोआपही होते.

मुख्याध्यापक सरांकडून एक वाक्य मात्र बैठकीत, सर्वांसमोर वदवून घ्या: या वहीतल्या नोंदी कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाहीत. वर्गशिक्षिकेला लेखी समज दिलीत ना, तर पुढच्या महिन्यापासून आठवी ब च्या नोंदी शून्य होतील, आणि जिन्यावरची मारामारी होती तशीच चालू राहील. तुम्ही सांगितलं नाहीत, पण २९ नोंदींच्या वेळात त्या बाईंचा त्या वर्गावर एकही तास नाही, हे तुम्हीच पाठवलेल्या वेळापत्रकात आहे. समज कशाची देणार?

राहिली पाच मुलं. त्यांना मी विसरले नाही. त्यांचा नंबर शेवटी लागतो, इतकंच. रांग बदलल्यावर पाचांपैकी दोन-तीन जण आपोआप वहीतून नाहीसे झाले तर ती मुलं गर्दीची होती. उरतील त्यांच्याशी वेगळं, दोन-तीन मोठ्यांनी मिळून. क्रमांक ३ चं उदाहरण घ्या. त्याच्या सातपैकी सहा नोंदी इंग्रजी आणि गणिताच्या तासाच्या: पुस्तक आणलं नाही, परवानगीशिवाय बाहेर गेला, शेजाऱ्याला त्रास दिला. प्रत्येक वेळी कारवाई एकच: वर्गाबाहेर काढलं. ज्या पोराला वाचता येत नाही आणि ते चाळीस जणांसमोर उघडं पडायची भीती आहे, त्याला वर्गाबाहेर काढणं ही शिक्षा आहे का? त्याला हवं ते मिळतंय, आणि ते कसं मिळवायचं हे आपणच त्याला शिकवलंय. आधी त्याला सातवीचं, मग पाचवीचं, मग तिसरीचं पुस्तक देऊन एकट्यात वाचून घ्या. क्रमांक ५ अगदी वेगळा आहे, त्याच्या नोंदी सगळ्या सोमवारच्या आणि सगळ्या सकाळच्या. रविवारी त्याच्या घरी काय होतं, हे बैठकीत विचारू नका. वर्गशिक्षिका किंवा तो ज्यांचं ऐकतो ते कोणी, क्रीडाशिक्षक असतील तर तेच, त्यांनी रोज सकाळी दोन मिनिटं भेटायचं आणि शाळा सुटताना पुन्हा दोन मिनिटं. दिवस कसा गेला, उद्या काय. बाहेरच्या शाळांत ही पद्धत कार्ड वगैरे करून राबवतात. कार्ड नसलं तरी चालतं, माणूस मात्र रोज तोच हवा.

जानेवारीच्या बैठकीला तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत असं धरून चला. आठवी ब चं वाक्य, भागाकाराचा कागद आणि एसटीचं पत्र, एवढंच न्या. उद्धटपणाचा विषय फेब्रुवारीत. फेब्रुवारीअखेरची मोजणी झाली की मला पाठवा, आणि या वेळी शिपाईमामा काय म्हणाले तेही लिहा.

– तुमची ताई